स्नोबोर्डच्या दोन बाइंडिंगमध्ये अंतर किती ठेवायचं?

भाड्याने स्नोबोर्ड घेताना दुकानातला माणूस बुटाचा नंबर विचारतो, उंची-वजन विचारतो, डावा पाय पुढे ठेवता की उजवा एवढं विचारतो आणि पाच मिनिटांत बोर्ड तुमच्या हातात देतो. बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डावर आवळून धरणारी पट्ट्यांची बैठक. दोन बाइंडिंगमध्ये अंतर किती आहे ते तो सांगत नाही, आपणही विचारत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ मारायला लागते, मांड्या भरून येतात, बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवर वळण काही केल्या घेता येत नाही. आपण म्हणतो, व्यायामाची सवय नाही ना. सवय नसेलही, पण त्याआधी मोजपट्टी काढून बघा. पायांतलं अंतर चार-पाच सेंटीमीटरनी चुकलं असेल तर दिवसभर जिममध्ये घाम गाळणाऱ्या माणसाचेही गुडघे तक्रार करतात.

या अंतराला स्टान्सची रुंदी म्हणतात. ती मोजायची एका डिस्कच्या मध्यापासून दुसऱ्या डिस्कच्या मध्यापर्यंत. डिस्क म्हणजे बाइंडिंगच्या पोटातली गोल चकती, जिच्यातून स्क्रू बोर्डात जातात. बऱ्याच बाइंडिंगमध्ये ती पायाखालच्या गादीने झाकलेली असते. गादी उचलली की दिसते. दोन बुटांच्या आतल्या कडांमधलं किंवा बाइंडिंगच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून ‘माझा स्टान्स अमुक इंच’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो आकडा कुठल्याच तक्त्याशी जुळत नाही.

प्रौढ माणसांचे स्टान्स साधारण ४६ ते ६१ सेंटीमीटर, म्हणजे १८ ते २४ इंचांत असतात. बहुतेकांचं ४८ ते ५६ मध्ये भागतं.

एवढ्या-तेवढ्याने काय बिघडतं?

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की जोडून ‘स्नर्फर’ हा स्नोबोर्डचा पूर्वज बनवला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्याला बाइंडिंग नव्हती. हातात नोजला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेली दोरी, पाय फळीवर मोकळे. अंतर चुकलं तर पाय सरकवायचा. आजच्या बोर्डावर दोन्ही पाय ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात आवळलेले असतात. बसवताना चूक झाली तर ती चूक प्रत्येक वळणात सोबत येते.

पाय जास्त लांब ठेवले की पुढे-मागे तोल सावरणं सोपं होतं. उडी मारून उतरताना, उंचसखल बर्फातून जाताना बरं वाटतं. पाय नोज आणि टेलच्या (मागच्या टोकाच्या) जवळ गेल्यामुळे बोर्डाची टोकं दाबून वाकवणं, ऑली मारणं, म्हणजे टेलच्या जोरावर उडी घेणं, हेही सोपं जातं. म्हणून पार्कमध्ये, म्हणजे कसरतींसाठी आखलेल्या उतारावर, उड्या मारणारे आणि रेलवर (धातूच्या दांड्यांवर) घसरणारे रुंद उभे राहतात. पण याची किंमत मोजावी लागते. रुंद उभं राहिलं की शरीर आधीच खाली आलेलं असतं. धक्का पचवायला पाय आणखी वाकवायचे, किंवा वजन काढून घ्यायला सरळ करायचे, त्यासाठी उरलेला वाव कमी. वळण सुरू करताना पुढच्या पायाच्या चवड्याने एक कड दाबायची आणि मागचा पाय क्षणभर दुसऱ्या कडेवर ठेवायचा, म्हणजे बोर्डाला पीळ द्यायचा असतो. पायांमधला बोर्डाचा भाग लांब असेल तर त्याला पीळ देणं तत्त्वतः सोपं. पण पाय फाकलेले असताना गुडघे आणि घोटे तेवढे मोकळे हलत नाहीत, आणि नवशिक्याच्या बाबतीत ही अडचणच भारी पडते.

पाय जवळ ठेवले की बोर्ड चटकन फिरतो, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जातो, उभं राहणं सोपं वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी अरुंद स्टान्स आवडतो. वेग वाढला की मात्र नोज आणि टेल लांबच लांब वाटू लागतात, बोर्ड थरथरतो आणि छोट्या खड्ड्यानेही माणूस पुढे किंवा मागे झुकतो.

आता गुडघ्याकडे या, कारण रुंदीचा खरा निवाडा तिथेच होतो. गुडघा मुख्यतः एकाच दिशेने वाकणारा सांधा आहे; बाजूला वाकायला तो बनलेला नाही. पाऊल बाइंडिंगमध्ये पक्कं आहे. पाय फार लांब ठेवले आणि पावलं पुरेशी बाहेर वळवलेली नसली, तर वाकताना गुडघे आत पडतात. वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या बंधांवर आणि पावलाच्या आतल्या कडेवर येतं. आतल्या बाजूला कळ येते ती यामुळे.

पहिला आकडा

तक्ता उघडायच्या आधी घरी दोन मोजमापं घ्या.

पहिलं: अनवाणी भिंतीला टेकून सरळ उभे राहा आणि कुणालातरी जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची उंची मोजायला सांगा. हा तुमचा सुरुवातीचा आकडा. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचा तो साधारण ४७ येतो. ही पद्धत थोडा अरुंदच आकडा देते, त्यामुळे त्यात दोन ते चार सेंटीमीटर मिळवून ४९ ते ५१ हा पल्ला धरायला हरकत नाही.

दुसरं: जागच्या जागी सात-आठ इंच उंच उडी मारा, डोळे समोर ठेवा, आणि गुडघे वाकवून उतरा. कबड्डीत चढाईवर आलेल्याला तोंड देताना बचावपटू जसा पाय रोवतो, तशी आपोआप बसलेली जागा पाहिजे. मुद्दाम ऐटीत फाकून उतरायचं नाही. पाच-सहा वेळा करा. प्रत्येक वेळी एका पावलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. आकडे थोडे पुढेमागे होतील, पण त्यांचा घोळका एका जागी पडतो. याच वेळी पावलं किती बाहेर वळली आहेत तेही बघून ठेवा, कोन ठरवताना उपयोगी पडेल.

मग तक्ता. ढोबळ मानाने १५० ते १६० सेंटीमीटर उंचीला ४६ ते ५०, १६० ते १७० ला ४८ ते ५३, १७० ते १८० ला ५१ ते ५६ आणि त्यावर ५३ ते ५९. पण उंची हा कच्चा आधार आहे. १७० सेंटीमीटरच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि धड आखूड, दुसऱ्याचं उलट, असं सर्रास असतं. तक्ता आणि गुडघ्याचं माप यांत तफावत आली तर आम्ही गुडघ्याचं माप मानतो.

तिसरा साक्षीदार बोर्ड स्वतः. बोर्ड बनवणारे एक रेफरन्स स्टान्स ठरवून देतात. तो आकडा कंपनीच्या माहितीत असतो आणि बोर्डावर त्या भोकांजवळ खूण किंवा रेघ असते. बोर्डाची कंबर (सगळ्यात अरुंद भाग) कुठे, लवचीकपणा कुठे, कॅम्बर, म्हणजे बोर्डाची कमान, कुठून सुरू होतो, हे सगळं त्या जागी पाय आहेत असं गृहीत धरून आखलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी रेफरन्सवर उभं राहणं हे सगळ्यात शहाणपणाचं. तुमचा आकडा आणि रेफरन्स यांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक असेल तर काळजीचं कारण नाही. पाच-सहा सेंटीमीटरचा फरक असेल तर आधी बोर्डाचीच लांबी तपासा. लांब बोर्डांचा रेफरन्स बहुधा रुंद असतो; बोर्ड फार लांब निवडला गेला असेल तर बाइंडिंग आत ओढून तो आखूड होत नाही.

भोकांचं गणित

ही गोष्ट समजली की निम्मा गोंधळ संपतो. बोर्डात स्क्रूसाठी धातूचे इन्सर्ट बसवलेले असतात. त्यांना आपण भोकंच म्हणू. त्यांची मांडणी मुख्यतः तीन प्रकारची.

२×४ मध्ये बोर्डाच्या लांबीच्या दिशेने दर २ सेंटीमीटरवर भोक असतं आणि आडव्या दोन रांगांत ४ सेंटीमीटरचं अंतर. ४×४ मध्ये लांबीच्या दिशेनेही ४ सेंटीमीटर. तिसरा प्रकार बर्टन या कंपनीच्या चॅनलचा: भोकंच नाहीत, दोन लांब खाचा आहेत आणि बाइंडिंग त्यांत हवी तिथे सरकवता येते. बर्टनचीच जुनी त्रिकोणी मांडणीही कधीकधी वापरलेल्या बोर्डांवर दिसते, तिला तशीच डिस्क लागते. वापरलेला बोर्ड घेताना हे आधी बघा, नाहीतर बाइंडिंग हातात आणि बोर्ड कपाटात.

समजा २×४ च्या बोर्डाचा रेफरन्स ५२ आहे आणि तुम्हाला ४८ हवंय. दोन्ही बाइंडिंग एकेक भोक आत घ्या. दोन अधिक दोन, चार सेंटीमीटर कमी झाले. ५० हवं असेल तर? पुढची एकच आत घेतली तर रुंदी ५० होते, पण दोन पायांचा मध्य एक सेंटीमीटर टेलकडे सरकतो. मागची एकच आत घेतली तर तो नोजकडे सरकतो. फार मोठा फरक नाही. पण आपण रुंदी बदलली एवढंच समजत राहतो आणि वजन पुढे-मागे झालेलं असतं, मग बोर्ड वेगळा का वाटतोय ते कळत नाही.

इथे डिस्क कामाला येते. डिस्कमध्ये एकाच दिशेच्या लांबट खाचा किंवा ओळीने भोकं असतात. खाचा बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर बाइंडिंग थोडी आत-बाहेर सरकते, म्हणजे रुंदीचा बारीक फरक करता येतो. तीच डिस्क ९० अंशांत फिरवली तर बाइंडिंग चवडा-टाच या दिशेने सरकते, म्हणजे बूट बोर्डाच्या मध्यावर आणता येतो. एका वेळी दोन्ही मिळत नाहीत. वरच्या उदाहरणात दोन्ही डिस्क लांबीच्या दिशेने फिरवून प्रत्येकी एक सेंटीमीटर आत घेतली की मध्य न हलवता ५० मिळतात. टाच-चवड्याचं केंद्र मग बाइंडिंगच्या टाचेच्या कड्याची किंवा चवड्याखालच्या पट्टीची जागा बदलून साधायचं. तशी सोय बऱ्याच बाइंडिंगमध्ये असते.

४×४ च्या बोर्डावर डिस्कशिवाय निभावच नाही. तिथे दोन्ही बाइंडिंग एक भोक आत घेतली तर रुंदी थेट आठ सेंटीमीटरने कमी होते: ५२ वरून ४४, म्हणजे प्रौढ माणसाला जवळजवळ निरुपयोगी.

कोनाशिवाय रुंदीला अर्थ नाही

डिस्कच्या कडेला रेघा असतात, बहुतेकांवर दर तीन अंशांना एक. शून्य म्हणजे पाऊल बोर्डाला काटकोनात आडवं. नोजच्या दिशेला वळलं तर अधिक, टेलच्या दिशेला वळलं तर उणे. पुढचा +१५ आणि मागचा −१५, किंवा +१५ आणि −९, याला डक म्हणतात. दोन्ही पावलं बाहेर फाकलेली. पुढचा +२१ आणि मागचा +६, म्हणजे दोन्ही पावलं पुढे तोंड करून, अशी मांडणी वेगात कड रुतवून वळणारे पसंत करतात.

नियम एकच लक्षात ठेवला तरी चालेल: वाकल्यावर गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटावर यायला हवी. रुंदी वाढवली की पाय कंबरेतून बाहेर उघडतात, तेव्हा पावलंही थोडी बाहेर वळवावी लागतात. रुंदी कमी करून कोन तसेच डकचे ठेवले तर गुडघे उलट दिशेला, बाहेर ढकलले जातात. दोन्ही पावलं पुढे तोंड करून ठेवली असतील तर रुंदी सहसा थोडी कमीच बरी. ऑलिंपिकमधल्या पॅरलल जायंट स्लॅलम या शर्यतीत कडक बूट घालून उतरणारे खेळाडू ५०-६० अंशांवर उभे असतात, त्यांचं सगळं शास्त्रच वेगळं. तिथले आकडे मऊ बुटांच्या बोर्डाला लावू नका.

रुंदी वाढवली की बूट बोर्डाबाहेर कमी येतो, अशी एक समजूत आहे. दिशा बरोबर आहे, पण आकडा बघा. बोर्ड कंबरेत सगळ्यात अरुंद असतो आणि टोकांकडे रुंद होत जातो. २५० मिलिमीटर कंबर आणि ८ मीटर त्रिज्येचा साइडकट (कडेचा आत गेलेला बाक) असलेल्या बोर्डावर ५२ सेंटीमीटरच्या स्टान्सला पायाखाली रुंदी साधारण २५८ मिलिमीटर भरते. स्टान्स ५६ केला तर त्यात जेमतेम दीड मिलिमीटरची भर. म्हणजे बूट घासतोय म्हणून पाय फाकवण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी कोन बदला: ३० सेंटीमीटर लांबीचा बूट शून्यावरून १५ अंशांवर नेला की आडव्या दिशेने तो साधारण २९ भरतो. वरच्या बोर्डावर मग दोन्ही बाजूंना मिळून तीन-सव्वातीन सेंटीमीटर बाहेर येतो. टाचेकडे आणि चवड्याकडे दीड-पावणेदोन प्रत्येकी. तेवढा यायलाच हवा, त्याच्याच जोरावर कड दाबता येते. एका बाजूला दोन सेंटीमीटरच्या पुढे गेला तर तीव्र वळणात बूट बर्फाला लागतो, कड उचलली जाते आणि माणूस आडवा. त्यावर उपाय रुंद कंबरेचा बोर्ड.

बसवताना

बोर्ड टेबलावर किंवा जमिनीवर जुन्या चादरीवर ठेवा. नोज कुठली ते नक्की करा. सारख्या दिसणाऱ्या टोकांच्या बोर्डावर बाइंडिंग उलटी बसवलेली आम्ही भरपूर पाहिली आहे. डावी बाइंडिंग डाव्या पायाला, बकल बाहेरच्या बाजूला.

स्क्रू एम ६ मापाचे असतात. त्यांच्या डोक्याला बहुधा ३ नंबरचा, प्लसच्या खाचेचा मोठा स्क्रूड्रायव्हर लागतो. घरात असतो तो २ नंबरचा. तो आत बसतो, फिरतोही, आणि जोर लावला की घसरून खाच खाऊन टाकतो. खाच गेलेला स्क्रू डोंगरावर निघत नाही. योग्य स्क्रूड्रायव्हर शंभर-दोनशे रुपयांचा आहे, तो आधी घ्या.

इन्सर्टमधली माती, बर्फ, पाणी पुसून काढा. डिस्कच्या खालचा भागही. हे सोपं काम सगळे टाळतात. डिस्कखाली बर्फाचा पापुद्रा राहिला तर स्क्रू घट्ट लागल्यासारखे वाटतात. दिवसभरात तो पापुद्रा दबतो किंवा वितळतो आणि चारही स्क्रू एकदम सैल. उतारावर बाइंडिंग हलायला लागली की कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कोन लावून डिस्क बसवा आणि आधी चारही स्क्रू हाताने, आटे नीट लागेपर्यंत फिरवा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग बाकीचे लावायला गेलात तर ते तिरके बसतात आणि आटे झिजतात. प्रत्येक स्क्रू किमान पाच-सहा पूर्ण फेरे आत जायला हवा. मग समोरासमोरचे, कर्णाच्या क्रमाने आवळा. हाताने घट्ट लागल्यावर पाव फेरा पुरे. बॅटरीवरचं ड्रिल मशीन वापरू नका. इन्सर्ट बोर्डातून उपटून निघाला तर ती दुरुस्ती घरी होत नाही.

बोर्ड उलटा करून तळ बघा. बाइंडिंगच्या खाली चार छोटे खळगे दिसत असतील तर स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेत. उलट फुगवटे दिसत असतील तर स्क्रू लांब आहेत आणि आतून तळाला टेकतायत. लगेच काढा आणि बाइंडिंगसोबत आलेल्या लांबीचेच वापरा. एका बाइंडिंगचे स्क्रू दुसरीला लावण्याचा मोह इथे नडतो. गरम मेण लावण्याआधीही स्क्रू सैल करा, तळ गरम झाल्यावर ते खळगे कायमचे बसू शकतात.

चॅनलच्या बोर्डावर प्रत्येक बाइंडिंगला दोनच स्क्रू असतात, आणि खाचेत बसणारे त्यांचे खास नट. दोनच असल्यामुळे सैल झाल्याचा परिणाम मोठा. पहिल्या दोन-तीन उतारांनंतर तपासा. तशी ही सूचना सगळ्याच बाइंडिंगसाठी आहे. नव्या बसवलेल्या बाइंडिंगचे स्क्रू पहिल्या दिवशी हमखास थोडे बसतात.

कोन बदलला असेल तर हायबॅक, म्हणजे पोटरीमागची उभी पाठ, टाचेच्या कडेला समांतर फिरवा. नाहीतर टाचेवर टेकल्यावर ती तिरकी दाबते आणि दोष रुंदीच्या नावावर जमा होतो.

घरी सतरंजीवर, मग उतारावर

बूट घालून, पट्टे आवळून जाड सतरंजीवर उभे राहा. कुणाला तरी समोरून बघायला सांगा किंवा आरशासमोर करा. हळूहळू गुडघे वाकवत खाली जा. वाट्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतात का? आत पडत असतील तर एक-दोन सेंटीमीटर आत घ्या किंवा मागचं पाऊल तीन अंश बाहेर वळवा. दोन्ही एकदम नको. आता टाचेवरून चवड्यावर झुला, मग फक्त पुढचा गुडघा वाकवून वजन नोजकडे न्या, मग टेलकडे. वजन नेताना कंबर सहज सरकत असेल तर ठीक. सरकवताना मांडीच्या आत ताण येत असेल तर पाय जास्त लांब आहेत. एक लहान उडी मारा. दोन्ही पाय एकदम उचलले गेले आणि एकदम टेकले पाहिजेत.

उतारावर नेताना एक पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रुंदी बदलली तर कोन तसेच ठेवा. ओळखीच्या, मध्यम उतारावर दोन-तीन फेऱ्या मारा, नंतर ठरवा. एका सेंटीमीटरचा फरक पायाला कळतो. त्यामुळे एका दमात पाच सेंटीमीटर बदलून निष्कर्ष काढू नका.

काय दुखतंय, त्यावरून बरंच कळतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ असेल तर रुंदी जास्त किंवा कोन कमी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ताण असेल तर अरुंद स्टान्सला डकचे कोन फार उघडे आहेत का ते बघा. दोन्ही मांड्या लवकर पेटत असतील तर पाय फाकलेले असण्याची शक्यता जास्त. पण फक्त मागचीच मांडी पेटत असेल तर रुंदीला हात लावू नका, तुम्ही घाबरून मागे रेलताय. नवशिक्यांमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं आणि याला पाना-स्क्रूड्रायव्हर हे औषध नाही. टेल वळणाच्या शेवटी घसरत राहते, मागचा पाय ओढून आणावा लागतो, तेव्हा रुंदी दोन सेंटीमीटरने कमी करून बघण्यासारखी असते. वेगात बोर्ड थरथरतो आणि सरळ जातानाही पुढे-मागे डोलतो, तेव्हा वाढवून बघा. पोटऱ्या आणि पावलाचे तळवे दुखणं बहुधा पट्टे जास्त आवळल्यामुळे.

ज्यांना रुंद स्टान्स हवाच आहे पण पावलाची आतली कड दुखते, त्यांच्यासाठी तिरक्या गादीच्या बाइंडिंग मिळतात. गादीची बाहेरची बाजू अडीच-तीन अंशांनी उंच असते, त्यामुळे घोटा आणि गुडघा एका रेषेत येतात. उपयोग होतो. पण आधीच जास्त असलेल्या रुंदीवर त्यांनी मलमपट्टी करू नये.

गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फात

भारतात स्नोबोर्डिंग म्हटलं की गुलमर्ग. गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवात डोंगराच्या बाजूला ३,९०० मीटरच्या वर पोहोचता येतं, आणि तिथलं आकर्षण म्हणजे न दाबलेला, ताजा बर्फ. दाबलेल्या उतारावर नीट चालणारा स्टान्स घेऊन तिथे गेलात की नोज बर्फात बुडायला लागते. नोज वर ठेवण्यासाठी मागे रेलावं लागतं आणि तासाभरात मागची मांडी संपते.

इथे रुंदी बदलायची नसते, दोन्ही पाय मागे न्यायचे असतात. याला सेटबॅक म्हणतात. खोल बर्फासाठीच्या, एकाच दिशेने जायला आखलेल्या बोर्डांचा रेफरन्सच दोन-अडीच सेंटीमीटर मागे असतो. दोन्ही टोकं सारख्या बोर्डावर तो बरोबर मध्यावर. २×४ च्या बोर्डावर दोन्ही बाइंडिंग एक भोक, म्हणजे दोन सेंटीमीटर टेलकडे न्या; खूपच खोल बर्फ असेल तर दोन भोकं. मागच्या बाइंडिंगला मागे जायला भोक उरलं नसेल तर पुढची एकटी मागे घ्या: रुंदी दोन सेंटीमीटरने कमी होईल आणि मध्य एक सेंटीमीटर मागे जाईल. ही तडजोड खोल बर्फात चालून जाते, उलट अनेकांना तशी थोडी अरुंद ठेवणच आवडते. फक्त संध्याकाळी, किंवा दुसऱ्या दिवशी दाबलेल्या उतारावर जायच्या आधी, ती परत जागेवर आणा. नाहीतर पुढच्या कडेला पकड कमी पडते, आणि बोर्ड वळायला नको म्हणतो.

हे बदल हॉटेलच्या खोलीत करा. वर गोंडोलाच्या स्टेशनबाहेर, वाऱ्यात, हातमोजे काढून स्क्रू फिरवताना एक तरी बर्फात पडतो, आणि पांढऱ्या बर्फात एम ६ चा स्क्रू सापडत नाही. तरीही एक आखूड, ३ नंबरचाच स्क्रूड्रायव्हर आणि दोन जादा स्क्रू खिशात असू द्या, ते सैल झालेले आवळण्यासाठी.

स्प्लिटबोर्ड, म्हणजे चढताना उभा दोन तुकड्यांत वेगळा होणारा बोर्ड, घेऊन जाणाऱ्यांनी तर सगळं घरीच ठरवावं. त्यावर बाइंडिंग वेगळ्या ठोकळ्यांवर सरकवून बसते आणि ते ठोकळे स्क्रूने बोर्डाला जोडलेले असतात. रुंदी बदलायची तर ते सगळे काढून परत लावावे लागतात, आणि दोन्ही अर्धे अगदी समोरासमोर जुळावे लागतात.

मुलांच्या बाबतीत गणित सोपं आहे: त्यांच्या बोर्डाचा रेफरन्स ठेवा, पाय त्यांना सहज जातील तेवढेच लांब. ‘स्थिर राहील’ म्हणून मुलाला फाकवून उभं करू नका, ते वळायलाच शिकणार नाही. आणि दर हंगामाला परत मोजा, कारण पाय वाढतात.

भाड्याच्या दुकानात मात्र थोडा आगाऊपणा करावा. काउंटरवर तीन गोष्टी सांगा: कुठला पाय पुढे, रुंदी किती सेंटीमीटर, कोन किती. उदाहरणार्थ ‘डावा पुढे, ५०, अधिक १५ आणि उणे ९’. भाड्याच्या बऱ्याच बाइंडिंगमध्ये खटका उचलून हाताने सरकवायची सोय असते, दुकानदाराला अर्धं मिनिट लागतं. बोर्ड हातात आला की मोजपट्टी लावून बघा आणि दोन्ही डिस्कचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसरा बोर्ड मिळाला तर तोच फोटो दाखवायचा.